माळवाडीचा एकटाच

शिरोलीच्या फाउंड्र्यांमधल्या कामगारांच्या कानांवर यंत्रांच्या आवाजाचा काय परिणाम होतो, यावर स्वप्नाली पीएचडी करत होती. श्रवणचाचण्या संपल्या होत्या आणि एका नियतकालिकानं तिचा लेख स्वीकारला होता. त्यांची अट एकच होती. नोंदींचा पूर्ण तक्ता सर्वांसाठी खुला करायचा, म्हणजे इतर संशोधकांना निष्कर्ष तपासून बघता येतील. शुक्रवारी तो संकेतस्थळावर चढवायचा होता. नावं आणि फोन नंबर तिनं आधीच काढून टाकले होते.

बुधवारी दुपारी तिचा मावसभाऊ विश्वजित विद्यापीठाच्या कँटीनमध्ये आला. तो शिरोलीत एका फाउंड्रीत सुपरवायझर होता; त्याच्याच शब्दावर तिला तिथल्या कामगारांपर्यंत जाता आलं होतं. मावशीनं दिलेला डबा त्यानं टेबलावर ठेवला.

"झालं का न्हाय तुझं कानपुराण?"

"झालं. परवापासून सगळ्या जगाला दिसणार." तिनं लॅपटॉप त्याच्याकडं वळवला. "पण कोण कुठला ते कळणार नाही. तुझीपण माणसं आहेत यात. एक तरी ओळखून दाखव."

विश्वजित खुर्ची ओढून बसला. वय, गाव, काम, डावा कान, उजवा कान, पूर्वी कुस्ती, असे रकाने होते. कुस्तीचा रकाना स्वप्नालीनं विचार करून घातला होता. आखाड्यात मोडलेल्या कानाचा दोष यंत्राच्या माथी यायला नको होता.

अनोळखी माणूस भेटला की इथं आधी गाव विचारतात. विश्वजितनं तेच केलं. गावाच्या रकान्यावरून तो बोट खाली नेत गेला.

"माळवाडी, पन्हाळा. फेटलिंग, कास्टिंग घासायचं काम. तालमीतला." बोट थांबलं. "आरं, हे आमचं आकारामकाका की!"

"कशावरनं?"

"तिकडच्या माळवाडीचा शिरोलीला एकटाच येतोय. आणि कान बघितलंयस न्हवं त्यांचं? भज्यागत झाल्यात." तो हसत पुढच्या रकान्याकडं गेला आणि हसायचा थांबला. "डाव्या कानानं एवढं कमी ऐकू येतंय? हाक मारली की बघत न्हाईत, मला वाटलं ताठा हाय."

स्वप्नालीनं लॅपटॉप मिटला.

"पुढच्या महिन्यात त्यांचं कंत्राट नव्यानं करायचं हाय," विश्वजित म्हणाला. "कान गेलेला माणूस साहेब ठेवून घेतोय व्हय?"

"दादा, तू कुणाला सांगू नकोस."

"मी आपणहून सांगायचा न्हाय. पण साहेबानं तोंडावर विचारलं तर खोटं बोलू? आणि माझं काय घेऊन बसलीस, तू जगासमोर टाकणारच हाईस की."

चाचणीचे हेडफोन लावायच्या आधी आकारामनं तिला विचारलं होतं, "साहेबाला कळणार न्हाय न्हवं?" ती म्हणाली होती, "नाही मामा." मगच त्यानं संमतीपत्रावर सही केली होती.

तिच्या मार्गदर्शक दीपा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. गावाऐवजी तालुका लिहायचा. वयाचे गट करायचे. कुस्तीचा रकाना खुल्या तक्त्यातून काढायचा आणि लेखी हमी देणाऱ्या संशोधकालाच मागणीवरून द्यायचा. संपादकांना त्या स्वतः कळवणार होत्या.

"तक्ता दुरुस्त होईल," त्या म्हणाल्या. "विश्वजितला जे कळलं, त्याचं काय?"

"आकाराममामांना जाऊन सांगते."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर आकाराम गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर भेटला. शेजारच्या बाकड्यावर त्याच पाळीचे कामगार चहा पीत होते. स्वप्नालीनं काही न लपवता सांगितलं. बोलताना तिला दोनदा आवाज चढवावा लागला.

"म्हंजे नाव काढलंस आणि गाव ठेवलंस," आकाराम म्हणाला.

"हो. चूक माझी आहे. तुम्ही म्हणाल तर तुमची नोंदच काढून टाकते."

त्यानं चहा संपवला. "विश्वजितचं मी बघतो. त्याच्या बापाला मातीत लोळवलाय मी." मग तो तिच्याकडं वळला. "माझ्या कानाचं तुला ठाऊक, तुझ्या मॅडमला ठाऊक, आता विश्वजितलापण ठाऊक. मला कुणी सांगितलंय?"

निकाल कामगारांना लेख छापून आल्यावर द्यायचे, असं ठरलं होतं. त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"न्हाय म्हंजे कंत्राटाचं काय व्हायचं ते हुईल," तो म्हणाला. "साहेबाशी बोलायचं तर मीच बोलीन. पण बोलायला आधी मला कळाय नगं?"

"सगळ्यांना आधी सांगते, मामा. मगच तक्ता चढवणार. शुक्रवारचं राहू दे."

"नोंद ऱ्हाऊ दे माझी. गाव काढ. आणि आता सांग."

ती इतका वेळ त्याच्या डाव्या बाजूला बसली होती. ती उठली, बाकड्याला वळसा घालून उजवीकडं आली आणि पिशवीतून त्याच्या चाचणीचा आलेख काढला.

"मामा, उजवा कान अजून..."

"हळू बोल की," आकाराम म्हणाला आणि तिच्याकडं झुकला. "समदी आमचीच माणसं बसल्यात हितं."