नऊ मिलिमीटरची गाठ

नूतन चंद्रपूरच्या सोळा ऑक्टोबरच्या धम्म सोहळ्यासाठी नागपूरहून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गाठ सापडली. बुंदीच्या डाव्या पुढच्या पायाखाली, वाटाण्याएवढी. बुंदी ही तिची पाळलेली उंदरीण. पांढरी, पाठीवर काळे ठिपके, वय दीड वर्ष. नूतन फार्मसी शिकायला वसतिगृहात गेल्यापासून बुंदीचा पिंजरा वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये तिच्या वडिलांच्या, नागसेनच्या, टेबलावर असे.

त्याच दिवशी बापलेक बुंदीला जोड्याच्या खोक्यात घालून चंद्रपुरात डॉक्टर करिष्मा मेश्राम यांच्याकडे गेले. डॉक्टरांनी गाठ दोन बोटांत धरून हलवून पाहिली.

"सैल आहे. आत्ता काढली तर पंधरा मिनिटांचं काम. पण भूल द्यावी लागेल. एवढ्या लहान जिवात दहातले दोन उठत नाहीत."

"आन् नाई काढली तर?" नागसेनने विचारले.

"वाढेल. यांच्यात भराभर वाढते. थांबू नका."

सत्तावीस तारीख, सोमवार ठरला. नूतनची परीक्षा त्याच आठवड्यात होती. निघताना ती म्हणाली, "पपा, मी नसली तरी करून घ्या. नाई उठली तर मी तुमाले काही म्हणणार नाई."

नागसेन वीज केंद्रात बॉयलर देखभालीत एकवीस वर्षे होता. त्या कामाची एक रीत आहे. व्हॉल्व्हमधून बारीक गळती दिसली म्हणून कोणी लगेच वीजनिर्मितीचा संच बंद करत नाही. गळती रोज पाहतात, वहीत नोंदवतात आणि दुरुस्तीसाठी ठरलेल्या शटडाऊनपर्यंत संच चालवतात. दोन वर्षांपूर्वी नागसेनने अशी एक गळती एकोणीस दिवस सांभाळली होती. त्याचे कौतुक झाले होते.

एकोणीस ऑक्टोबरला, रविवारी, त्याने टेबलाच्या खणातल्या डबीतून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. गाठ नऊ मिलिमीटर भरली. त्याने एका वहीत तारीख टाकून आकडा लिहिला. मोजताना शांत राहिली म्हणून बुंदीला एक शेंगदाणा दिला.

सव्वीसला अकरा भरली. दुसऱ्या दिवशी संचाचे वार्षिक शटडाऊन सुरू होत होते, तीस दिवसांचे. नागसेनने डॉक्टरांना फोन करून शस्त्रक्रिया महिनाभर पुढे ढकलली.

"मी नेते न तिले," त्याची बायको कमला म्हणाली. "शाळेतून सुट्टी घेते. ऑटोनं जाईन."

"आन् नाई उठली तर? पोरीले कोण सांगन?"

"ते तर म्हणून गेली, काही म्हणणार नाई."

"म्हणणार नाई, हेच त." नागसेनने वही बंद केली. "आठ दिवसांत दोन मिलिमीटर. शटडाऊन होऊ दे. तवर मी नजर ठेवून राह्यलो न."

कामावर ही गोष्ट मुख्य तंत्रज्ञ देवाजीभाऊंना कळली. "साहेब, लोकं उंदरासाठी औषध ठेवतात, तुमी डॉक्टर ठेवला," ते म्हणाले. सगळे हसले, नागसेनही हसला. जेवणाचा डबा उघडताना देवाजीभाऊ हळूच म्हणाले, "एक दिवस जाऊन या. बॉयलर कुठी पळून नाई जात."

रजा मागितली असती तर मिळाली असती. नागसेनने मागितली नाही.

दोन नोव्हेंबरला चौदा. नऊला एकोणीस. एव्हाना बुंदी शिकली होती. खणात व्हर्नियरची डबी वाजली की ती पिंजऱ्याच्या दाराशी येई आणि शेंगदाण्यासाठी आपणच डावा पाय उचलून धरी. नागसेनने हे फोनवर सांगितले तेव्हा नूतन खूप हसली. मग तिने विचारले, "आकडा किती?"

"वाढते, पण हळू."

सोळाला सव्वीस. तेवीसला चौतीस.

शटडाऊन पंचवीसला संपले. सव्वीसला तो बुंदीला घेऊन डॉक्टरांकडे गेला. या वेळी त्यांनी गाठ हलवून पाहिली, ती हलली नाही.

"फासळ्यांना धरली आहे. आता काढायला गेलो तर जेवढं रक्त जाईल, तेवढं तिच्या अंगात नाही."

"दहातले किती उठतात?"

"मी करणार नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि वेदना कमी करायचे औषध लिहून दिले.

नूतन शनिवारी आली. वही टेबलावरच होती. तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचली.

"नऊ तारखेले एकोणीस होती. तवा काऊन नाई नेलं, पपा?"

"नजर ठेवून होतो."

"हो," ती म्हणाली. "बरोबर लिवलं हाये सगळं." त्यात टोमणा नव्हता. नागसेनला टोमणा चालला असता.

रविवारी सकाळी तो चष्मा शोधत होता. खण ओढला आणि आतली डबी वाजली. बुंदी कोपऱ्यातून उठली. अंग ओढत दाराशी आली, गजांना टेकली आणि तिने डावा पाय उचलला. पाय थरथरत होता.

नागसेनने घाईने शेंगदाणा पुढे केला. तिने तो हुंगला, पण घेतला नाही. पाय तसाच वर.

नूतन मागे उभी होती. "मोजा, पपा," ती म्हणाली. "मोजल्याबिगर खाली नाई घेणार ते."

नागसेनने व्हर्नियर उघडला, गाठीला हलकेच लावला आणि काढून घेतला. बुंदीने पाय खाली टेकवला. मग शेंगदाणा घेतला.

आकडा किती, हे नूतनने विचारले नाही.