बिनआवाजाची गाडी

गाडीच्या चाकांजवळचे झिजलेले रबरी बुश बदलले की सुपरवायझरचा फायदा दुहेरी होता. एक, स्टिअरिंग डावीकडे ओढायचं थांबणार होतं. दुसरा त्यानं बायकोलाही सांगितला नव्हता: घरी येताना घरच्यांना त्याचा सुगावा लागणार नव्हता.

जॅकवर चढवलेल्या गाडीभोवती तो सकाळपासून घिरट्या घालत होता. मेकॅनिकनं जुना बुश ठोकून काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. रबर चिरफाळलं होतं, मधली लोखंडी नळी बोटानंही हलत होती.

"हीच तुमची खडखड, साहेब. मागच्या वर्षीच म्हटलं होतं, बदला."

"तेव्हा गरज नव्हती."

गरज अलीकडे पडली. गोदामातली हाताखालची माणसं त्याच्या पावलांच्या आवाजानं सावध होतात हे ओळखून त्यानं रबरी तळव्यांचे बूट घेतले आणि पहिल्याच दुपारी पत्त्यांचा डाव पकडला. मग डोक्यात आलं, घरी तरी वेगळं काय चालतं? कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर गाडी खडखडायची, ती थेट स्वयंपाकघरात ऐकू जायची. तो दारात पोचेपर्यंत मुलगा पुस्तकात, बायको ओट्याशी आणि आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. पोरगा आपल्या डोळ्यांत धूळ फेकतोय, याची त्याला खात्रीच होती.

"आवळा ना बोल्ट आता," तो मेकॅनिकला म्हणाला.

"गाडी चाकांवर उतरू द्या. अधांतरी आवळले तर नवं रबर पिळवटून फाटेल. एवढी कुठं आग लागलीय?"

संध्याकाळी स्पीडब्रेकर आला आणि गेला, गाडीनं हूं की चूं केलं नाही. दाराशी इंजिन बंद करून त्यानं बूट हातात घेतले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"दूध अर्धंच कसं? मांजर प्यायलं? बोलवा मांजराला! मी विचारतो त्याला!"

फटीतून त्यानं पाहिलं. आई खाटेवर ताठ बसली होती, थेट त्याच्यासारखं पोट पुढे काढून, बोट उगारून. दोन वर्षं ती त्याच्याशी 'हं'पलीकडे बोलली नव्हती. वाचा गेली की काय म्हणून त्यानं दवाखाने पालथे घातले होते.

"आजी, आता नव्या बुटांचं कर ना," मुलगा जमिनीवर लोळत म्हणाला.

"पुरे हो आई," बायको डोळे पुसत होती. "यायची वेळ झाली त्यांची."

"येऊ दे की. खडखड होईलच."

एक पाऊल टाकलं असतं तर तिघं रंगेहाथ सापडली असती. दारावरचा हात त्यानं काढून घेतला. गाडीत जाऊन बसला आणि लांबलचक हॉर्न दिला.

तो आत आला तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

"झाली का हो दुरुस्त?" बायकोनं ओट्याशी पाठमोरीच विचारलं.

"झाली. आवाज गेला. आता कोपऱ्यावरूनच हॉर्न देत जाईन."

तिचा हात थांबला. "तो कशाला?"

"कळायला नको तुम्हाला?"

ती वळली, त्याच्या हातातल्या बुटांकडे बघत राहिली. तो आईच्या पायथ्याशी टेकला.

"आई, बरं वाटतंय?"

"हं."

तिघांचा खेळ तसाच चालू राहिला. त्याची किंमत त्यानंच भरली, रोज संध्याकाळी, हॉर्न दिल्यावर कोपऱ्यापासून दारापर्यंत, त्यांना आवरायला वेळ देत, पहिल्या गिअरमध्ये.