होडी हलली पाहिजे

समुद्राला एक असा रंग नसतोच, हे मुरबे गावाच्या किनाऱ्यावर पाय ठेवताच उषाला कळलं आणि तिचा जीव नुसता नाचायला लागला. पालघरच्या स्टुडिओत मागच्या खोलीत बसून काळ्यापांढऱ्या फोटोंवर ब्रश फिरवताना तिने आजवर कितीतरी समुद्र निळे करून टाकले होते. माहेर परभणीचं, तेव्हा समुद्र म्हणजे निळा, विषय संपला. आणि इथे बघावं तर खाडीच्या तोंडाशी मातकट, पुढे जस्ताच्या बादलीसारखा, त्याच्याही पुढे ढगाखाली चक्क वांगी रंगाचा! ढग जरा सरकला की पुन्हा सगळं नवं.

“अहो, बघा ना! तिकडे हिरवा झाला!”

“छत्री सरळ धर,” बन्सी म्हणाला. छत्री कॅमेऱ्याच्या डोक्यावर होती. नवराबायको खुशाल भिजत होते.

बन्सी पालघरातला नावाजलेला फोटोवाला. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघाल्यापासून कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो काढता काढता त्याला जेवायला फुरसत नव्हती. पण त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. मुंबईच्या एका कॅलेंडरवाल्याला किनाऱ्याचं चित्र हवं होतं. बन्सीने उन्हाळ्यात काढलेले फोटो त्याने परत पाठवले, का तर आभाळ कोरं आहे. मग आषाढातलं भरलेलं आभाळ पाठवलं, तर म्हणे होड्या कुठे आहेत? आता त्या शहाण्याला कोण सांगणार, की पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झोपा काढत असतात! भरलेलं आभाळ आणि पाण्यात शिरणारी होडी एकत्र सापडायचा दिवस म्हणजे नारळी पौर्णिमा. त्यानंतरचं चित्र छापखान्याला उशिराचं होणार होतं. तेव्हा आज जमलं तर जमलं. आणि जमलं तर त्यावरचे रंग उषाच्या हातचे असणार होते, ते चित्र घरोघरी भिंतीवर लागणार होतं. खरे रंग डोळ्यांत भरून घ्यायलाच तर ती एसटीने सातपाटी आणि तिथून तरीने खाडी ओलांडून इथवर आली होती.

नारळ समुद्राला वाहून झाला. भरती पुरती चढली. आत्माराम तांडेलाची नवी रंगवलेली होडी ओंडक्यांवर चढवलेली, गड्यांनी तिला दोन्ही अंगांनी खांदे लावलेले, ठेवणीतली लुगडी नेसलेल्या बायका गुडघाभर पाण्यात, ढोल घुमतोय, आणि मागे दक्षिणेकडून काळाकुट्ट ढग वर चढतोय. ढगाच्या खालून उजेडाची एक पट्टी पाण्यावर सुटली. बन्सीने पोटाशी धरलेल्या, वरून बघायच्या कॅमेऱ्यात मान घातली.

आणि सगळा किनारा थिजला.

“ए, फोटो निंगतोय!” आत्माराम ओरडला. “कोनी हलायचं नाय! तोंडा मिटा!”

खांदे सुटले, हात मांडीला चिकटले, ढोलकऱ्याची टिपरी हवेतच राहिली. बायका उंचीप्रमाणे रांगेत लागल्या. सगळं गाव श्वास कोंडून बन्सीकडे डोळे वटारून बघायला लागलं.

“अहो आत्मारामदादा, थांबलात का? ढकला की!”

“ढकलतो ना. आदी तुमचा फोटो होऊ दे.”

“ढकलतानाच काढायचाय!”

“आमाला येडा समजता काय? पोरीच्या लग्नात तुमीच आमच्या सासऱ्याला दम दिलाव, हललात तर दोन नाकं येतील म्हनून!”

दम बन्सीने दिला होता खरा. या गावातलं एकही लग्न त्याच्याशिवाय झालं नव्हतं आणि एकूण एक माणसाला त्याने ओरडून ओरडून पुतळा व्हायला शिकवलं होतं. त्याने कॅमेरा खाली केला की होडी वीतभर पुढे सरके. मान घातली की पुन्हा पुतळे. शेवटी तो बोंबील वाळवायच्या बांबूंमागे जाऊन दडला, तर साखरबाई तांडेलीण तिथूनच कडाडली, “गो बायांनो, बन्सीभाव तिकडं हाय! सरळ उबं रावा!”

उजेडाची पट्टी अरुंद होत चालली. भरती वळली की होडी रेतीत रुतणार, मग आज कसली ती पाण्यात जाते! बन्सीने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

“मला द्या,” उषा म्हणाली.

म्हणाली खरी. कॅमेऱ्याला तिचा हात लागायचा तो पुसण्यापुरता. फिल्म धुणं तिचं, छपाई तिची, डोळे मिटलेल्या नवरदेवांना ब्रशने डोळे उघडून देणारीही तीच. पण बटण मात्र बन्सीचं, हे घरात कुणी न बोलता ठरलेलं होतं.

“तुला? अगं, हा काय खेळ आहे?”

“मला इथे कुणी ओळखत नाही. माझ्याकडे बघून कोण कशाला थांबेल? द्या हो, उजेड चाललाय!”

बन्सीने एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या गळ्यात घातला. मग मोकळे हात वर करून तो होडीकडे धावला. “झाला फोटो! चला, मीपण लावतो खांदा!”

किनाऱ्याने श्वास सोडला. ढोल पुन्हा घुमला. “हैय्या!” म्हणत होडी ओंडक्यांवरून करकरली. छत्री फेकून उषा पाण्यात शिरली. ओंजळीत बघावं तशी तिने खाली मान घातली, आणि त्या चौकोनी काचेत सगळा समुद्र मावला की! डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, पण जिवंत. तिने बटण दाबलं. लाट होडीच्या नाकाडावर फुटली, दाबलं. साखरबाई हसता हसता पाण्यात बसली, दाबलं. पाऊस आला, पट्टी विझली, समुद्र शिसवी झाला, तिने पटकन भिंगातलं उजेड घ्यायचं भोक मोठं करून घेतलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं अंधाऱ्या खोलीत बन्सीच्या चुका निस्तरताना ते आपोआप शिकून झालं होतं. तिला मोठ्याने हसू येत होतं आणि ती हसतही होती. कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं.

फिल्मवर एक फोटो उरला तेव्हा होडी तरंगली. नेमका त्याच क्षणी ढग मधोमध फाटला. ऊन धो धो खाली ओतलं, पाऊस चालूच, होडीमागे पाणी मोरपंखी झालं आणि गड्यांच्या ओल्या पाठी तांब्यासारख्या पेटल्या. किनाऱ्यावर एकच कल्ला झाला.

बन्सीने ते बघितलं. आयुष्यभर वाट बघत होता तोच उजेड. होडी सोडून तो पाणी उडवत धावत आला, श्वास लागलेला, दोन्ही हात पुढे केलेले.

“दे! दे इकडे, उषा! असा परत यायचा नाही!”

उषाने मान वर केली नाही.

“अहो, बाजूला व्हा,” ती म्हणाली. “फोटोत येताय.”

बन्सी जागच्या जागी थबकला. मग कंबरभर पाण्यात चार पावलं बाजूला झाला.