दहावं नाव

लताबाई एकवीस वर्षं दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवत होत्या. दिवाळी उरकली, भात कापून झाला, की पेठकडची कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला गावात उतरायची. आईबाप बागेत गेले की लहान पोरं लताबाईंच्या दारात. यंदा अकरा आली होती. गावची पंचवीस आणि ही अकरा. मदतनीस कुसाबाई गुडघ्यांनी बेजार, त्यामुळे खिचडी वाढण्यापासून नाक पुसण्यापर्यंत सगळं लताबाईंवरच.

नोव्हेंबरातल्या बैठकीत पर्यवेक्षिकांनी सांगितलं की स्थलांतरित मुलांसाठी सरकारने जादा निधी दिला आहे. ज्या अंगणवाडीत अशी दहा मुलं नोंदलेली असतील, तिला हंगामापुरती एक जादा शिक्षिका आणि खेळणी मिळणार होती. अडचण एवढीच होती की पोरं बसत होती लताबाईंकडे, पण मोबाइलवरच्या यादीत त्यांची नावं गावाकडच्या अंगणवाडीत होती. तिथल्या सेविकेने सोडल्याशिवाय ती हलत नव्हती. लताबाईंनी चार वेळा विनंती पाठवली. उत्तर आलं नाही, फोनही लागला नाही.

शेवटी एका रविवारी त्या नाशिकवरून पेठची एसटी, पुढे जीप आणि शेवटी पायी, असं करत तिथल्या सेविका अक्काबाईंच्या पाड्यावर पोहोचल्या. अक्काबाई अंगणात नागली पाखडत होत्या. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवला. विनंत्या पाहिल्याचं त्यांनी लपवलं नाही. त्यांच्या यादीत चोवीस नावं होती. अकरा गेली तर तेरा उरणार, आणि पंधराच्या खाली आकडा गेला की अंगणवाडी लहान ठरून मदतनीस जाणार, असं त्यांना वरून कळवलं होतं.

"ताई, गेलेल्यांसाठी सरकारने पैसे दिले, चांगलं झालं," अक्काबाई म्हणाल्या. "मागं राहिलेल्या तेरांचं काय? त्यांचे आईबाप तर बाहेर जायाला बी धड नाय. कोणाची आई आजारी, कोणाचा बाप नाय."

लताबाईंना भांडायचं होतं, येताना जीपमध्ये त्यांनी बोलणंही ठरवलं होतं. पण इतका प्रवास करून त्या थकल्या होत्या, आणि समोरची बाई खोटं बोलत नव्हती. मग अक्काबाईंनी मोबाइल काढला आणि एकेक करून नऊ नावं सोडली. पंधरा राहिली. त्याखाली त्या जाणार नव्हत्या, आणि लताबाईंनीही पुढे मागितलं नाही.

आता एक नाव कमी पडत होतं आणि नावं भरायच्या मुदतीला पाच दिवस होते. रोज अंगणवाडी बंद करून लताबाई बागा पालथ्या घालू लागल्या. कुठे पोरं मोठी, कुठे अगदी अंगावर पिणारी. चौथ्या दिवशी गावाबाहेरच्या वीटभट्टीवर त्यांना रोशनी दिसली. चार वर्षांची, मातीच्या ढिगावर एकटीच बसलेली. तिचे वडील हिरामण सुरगाण्याकडचे, पण तीन वर्षांत हे कुटुंब गावी गेलंच नव्हतं. भट्टी संपली की ऊस, ऊस संपला की आणखी कुठे. रोशनीचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

हिरामण आधी तयार होईना. कागद नाहीत, उगाच कोणी चौकशीला येईल, असं त्याला वाटत होतं. शेवटी तिची आई म्हणाली, "दुपारचं जेवण मिळंल ना तिला? मग लिहा." फोटोसाठी रोशनी वर बघेना. लताबाई तिच्याजवळ मातीत बसून राहिल्या, ऊन उतरेपर्यंत. मग एकदाचा फोटो निघाला.

जानेवारीच्या मध्यावर हर्षाली नावाची शिक्षिका आली. ती मुलांना मातीची चित्रं करायला शिकवायची, त्यांच्या बोलीतली गाणी त्यांच्याकडूनच शिकून घ्यायची. यादीबाहेर राहिलेली दोन मुलंही तिच्याभोवतीच असत. कित्येक वर्षांनी लताबाईंना दुपारी दहा मिनिटं भिंतीला टेकून बसता आलं.

फेब्रुवारीत भट्टीवरचं काम थांबलं. एका सोमवारी रोशनी आली नाही. लताबाई भट्टीवर गेल्या, तर झोपडीच्या जागी नुसता चुलीचा काळा डाग होता. त्या रोज तिची गैरहजेरी टाकत राहिल्या. नाव मात्र यादीत होतं, म्हणून हर्षालीही होती.

बारा-तेरा दिवसांनी मोबाइलवर विनंती आली. सिन्नरकडच्या एका सेविकेने रोशनीचं नाव मागितलं होतं. लताबाईंनी मोबाइल पालथा ठेवला आणि खिचडी वाढायला गेल्या. नाव सोडलं की नऊ उरणार, आणि हंगाम संपायला अजून महिना होता. दुसऱ्या दिवशीही त्यांनी काही केलं नाही. कुसाबाईंना, हर्षालीला सांगितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या सेविकेला फोन लावला. ती नवीनच लागली होती. तिच्याकडेही नऊच मुलं होती आणि रोशनी दहावी ठरणार होती, की अकरावी, हे लताबाईंनी विचारलं नाही.

"सावकाश जेवते ती," त्या म्हणाल्या. "ताट लवकर उचलू नका. आणि वर बघ म्हणू नका, तिच्या शेजारी बसा."

फोन ठेवून त्यांनी नाव सोडलं. मग आत जाऊन हर्षालीला सांगितलं की तिचं इथलं काम बहुधा या महिनाअखेरपर्यंतच. हर्षाली एका मुलाच्या केसांतली माती काढत होती. तिने मान डोलावली आणि काम चालू ठेवलं. लताबाईंनी पातेलं उचललं आणि दुसऱ्या पंगतीला वाढायला सुरुवात केली.