चारांत एक पिवळं

नसीमनं पहिल्या ओळीतलं एकेक झाड वाकून पाहिलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या ओळीतलं. आणि ती बांधावर मटकन बसली. सोयाबीन हिरवंगार होतं. एकसुद्धा पिवळं पान दिसत नव्हतं.

"देखं का ताई?" तुकड्यावर निंदणी करणाऱ्या भागाबाई खुरपं घेऊन हसत आल्या. "तू चार दिन धुयाले गयी ना, मी बठ्ठं पिवयं उपटी टाकं. बैलपोयाना आगोदर वावर साफ!"

रोगट झाड दिसलं की मुळासकट काढायचं, हा धरणगावकडच्या शेतकऱ्याचा धर्मच. पण नसीमला इथे रोगच हवा होता. पांढऱ्या माशीनं पसरणाऱ्या विषाणूला दाद न देणारं एक सोयाबीन आणि हमखास बळी पडणारं दुसरं, यांचा तिनं संकर केला होता. त्याचीच ही नातवंडं, दोनशे चाळीस. प्रत्येकाचं पान महिन्यापूर्वीच तोडून प्रयोगशाळेत गोठवलेलं. आता कोणती झाडं आजारी पडतात तेवढं वहीत लिहिलं, की त्या पानांवरून वाचवणारा गुण कुठे दडलाय ते शोधता येणार होतं. तीन वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरलं होतं.

"अहो अक्का, काय करून बसलात हे!" ती ओरडलीच.

भागाबाईंचं हसू मावळलं. "चुकनं का?"

"उपटलेली कुठेयत?"

"खड्डामा पुरी दिनात."

"आणि त्यांचे नंबरांचे बिल्ले?"

"त्या कशे फेकू? सरकारी शेतस ना. काडीले बांधीसन ज्यानी त्यानी जागावर खोसी दिनात."

नसीम ताडकन उठली. खरंच की! प्रत्येक रिकाम्या जागी, शेजारच्या पानांआड झाकलेली काडी, काडीला बिल्ला. म्हणजे काडी तिथे रोग. पण पाणी साचूनही सोयाबीन पिवळं पडतं, आणि तीही झाडं उपटली असतील तर?

"खालच्या कोपऱ्यातली पण काढलीत?"

"त्या पाणीमुये पिवया व्हयेल व्हतात. रोगना रंग ठिपका-ठिपकाना ऱ्हास. त्यास्ले हात नही लावा. चर खंदी दिना. देख, हिरवा व्हई ग्यात."

दोघी सगळ्या ओळी फिरल्या. काड्या भरल्या बासष्ट. चारांत एक झाड आजारी पडेल असा नसीमचा अंदाज होता, म्हणजे साठ. तिनं पुन्हा मोजलं. बासष्टच. आनंदानं तिला काही सुचेना, आणि आपण ओरडलो याची लाजही वाटली. वही उघडून ती बांधावर टेकली.

"अक्का, पूर्ण नाव सांगा तुमचं."

भागाबाई दचकल्या. "साहेबले कागद लिखस का?"

"नाही हो. सांगा तर."

"भागाबाई..." पुढे मालकाचं नाव घ्यायचं, तशा त्या अडखळल्या. पदर ओठांशी गेला.

"राहू द्या. तुमचंच हवंय," नसीम म्हणाली, आणि वहीतल्या 'पाहणी करणार' या रकान्यातलं स्वतःचं नाव तिनं खोडलं.