कानबाई उठते त्या दिवशीची तारीख

ज्योत्स्नाला घाई होती, एवढंच खरं. जळगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर तिच्याकडे. श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधीच्या शनिवारी तिनं पेशंटची एक्सेल यादी नव्या डेटाबेसमध्ये घेतली. घरी पिंप्राळ्याला देवीच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण खोळंबलेलं. तारखेत आधी दिवस की आधी महिना, असं सॉफ्टवेअरनं विचारलंसुद्धा. ही आपली ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटली. वरच्या चार ओळी पाहिल्या. पंचवीस, अठ्ठावीस, सगळं बरोबर. पण बारापर्यंतचा आकडा महिनाही असू शकतो; त्या तारखांचे दिवस-महिने उलटे झाले, ते बघायला वेळ कुणाला होता?

सोमवारी असोद्याच्या धुरपदाबाई आल्या. साखरेच्या आजारानं उजवा डोळा धरलेला, त्यात इंजेक्शन घ्यायचं होतं.

"कानबाई उठते त्या दिशी ये, म्हने डॉक्टर. तिले नदीवर सोडाले बी थांबली नाही मी."

"आजी, तुमची तारीख आठ डिसेंबर आहे," ज्योत्स्ना स्क्रीन बघून म्हणाली. कार्डावर बारा ऑगस्ट, म्हणजे आजचीच तारीख होती. तिनं ती खोडून आपल्या हातानं नवी तारीख घातली. बाई मुकाट बसस्टँडकडे गेल्या.

पुढे दोन-तीन पेशंट कार्ड नाचवत भांडले, तेव्हा तिनं तेवढ्याच तारखा सुधारल्या. अख्खी यादी एकदा तपासावी, असं मनात आलं होतं. आलं आणि गेलं.

डिसेंबरात धुरपदाबाई पुन्हा काउंटरवर उभ्या राहिल्या. "काल आली व्हती माय. बंद व्हतं."

काल रविवार होता. रविवारची तारीख हा दवाखाना कधी देतच नाही. कार्डावरची खाडाखोड ज्योत्स्नाच्याच हातची होती. ती बाईंना धरून आत घेऊन गेली.

डॉक्टरांनी तपासलं. "आजी, चार महिने कुठे होतात? हा डोळा गेला आता. दुसऱ्याला तरी वेळेवर इंजेक्शन घ्या."

"मीच चुकली असन," बाई म्हणाल्या. "मशीन कायले खोटं बोलीन?"

ज्योत्स्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साहेब, त्या वेळेवर आल्या होत्या. मी परत पाठवलं. ही खाडाखोड माझी आहे."

धुरपदाबाई ज्योत्स्नाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्याची तारीख दे. आकडा नको सांगू, कानबाईसारखा सन सांग."

कॅलेंडरवरची अक्षरं ज्योत्स्नाला नीट दिसेनात. "संक्रांतीच्या आदल्या दिवशी. मी घ्यायला येते, आजी."

"नको. मी येते बरोबर त्या दिशी," बाई म्हणाल्या. "तू फक्त मले परत धाडू नको."