कप्तान पुंजाजींचं यंत्र

"दुर्बीण आहे ही," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी ती वस्तू डोळ्याला लावली. वस्तू भरीव लाकडाची असल्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. तरी त्यांनी बराच वेळ पाहिलं.

हातभर लांब, काळं, बुडाशी मनगटाएवढं जाड आणि टोकाकडे बोटाएवढं निमुळतं होत गेलेलं ते लाकूड होतं. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. सकाळपासून रामरावांच्या ओसरीवर ते हातोहात फिरत होतं.

त्याचं असं झालं होतं की, वाशीमला ब्लॉकचं, म्हणजे विकास गटाचं, प्रदर्शन भरणार होतं आणि आसेगावानं त्यात काय मांडावं ते सुचत नव्हतं. सुधारित बियाणं मांडावं, तर ते उगवलं नव्हतं. तेव्हा ग्रामसेवकाला आठवलं, की रामरावांचे काका पुंजाजी आगबोटीवर होते. समुद्र पाहिलेला माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. पुंजाजी मागच्या शिमग्यात वारले होते एवढीच अडचण होती; पण त्यांच्या पत्र्याच्या पेटीत हे निघालं.

"काकानं तुमाले काहीच नाही सांगतलं का, रामरावजी?" ग्रामसेवकानं विचारलं.

"नाई," रामराव म्हणाले.

आत रामरावांच्या बायको चतुराबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं.

पुंजाजी विशीत मुंबईला पळून गेले ते खलाशी झाले आणि केस पिकल्यावर परत आले. पहिले आठ दिवस गाव त्यांना पाहायला येत होतं. समुद्राचं पाणी खारट असतं तर तिथे वरण कसं करतात, एवढं विचारून झाल्यावर गावाची जिज्ञासा संपली. कामाची सवय असलेला माणूस बसून किती राहणार? पुंजाजींनी घरातले तुटके दोर गोळा केले आणि भर रस्त्यावरच्या ओसरीत बैठक मारली. ते हे लाकूड दोराच्या पिळात खुपसायचे, पेड मोकळे करायचे आणि दुसऱ्या तुकड्याचे पेड त्यांत गुंफत जायचे. तुटलेला दोर गाठीशिवाय अखंड व्हायचा.

"गाठ मारली का दोर तिथंच झिजते, रामा," ते म्हणायचे.

रामरावांचं लक्ष दोराकडे नव्हतं, रस्त्याकडे होतं. आसेगावात दोराचं काम खेमाच्या घराकडे होतं, आणि खेमाचं घर गावाबाहेर. खेमाचा दोर सगळ्या गावाच्या विहिरीत उतरायचा. खेमा मात्र विहिरीच्या काठावर येत नसे. ही व्यवस्था कोणालाही विचित्र वाटत नव्हती, आणि रामराव काही जगावेगळे नव्हते. शिवाय त्यांच्या मुलीच्या, पंचफुलाच्या लग्नाचं पाहणं चाललं होतं. मानोऱ्याकडचे नत्थूजी मुलगी पाहायला येणार होते.

"काका, हे काम आपल्यात नाही करत," रामराव म्हणाले.

"जहाजावर सारेच करत."

"इथं जहाज नाही."

"मंग मी काय करू दिवसभर?"

"पावणे येऊन राह्यले. दोन रोज गोठ्यात राहा तुमी. कोनी इचारलंच तं गडी हाये म्हनून सांगू."

शेवटचं वाक्य रामराव बैलांकडे पाहून बोलले होते. पुंजाजी उठले. आयुष्यभर वरच्यांचे हुकूम ऐकलेल्या माणसासारखं "जी" म्हणाले आणि पेटी उचलून गोठ्यात गेले.

सोयरीक जमली. दोन दिवस संपले. त्यांना परत या म्हणायचं राहून गेलं, आणि ते आपण होऊन आले नाहीत. चतुराबाई त्यांचं ताट गोठ्यात नेऊन देत. काकांना तिथली हवा मानवते, असं रामराव लोकांना सांगत. पुंजाजी त्या हवेतच गेले.

ओसरीवर आता चर्चा दुर्बिणीवरून अत्तर गाळायच्या नळकांड्यापर्यंत आली होती. रामरावांना राहवेना.

"दोराचं हाये ते," ते एकदम म्हणाले. "पेड उघडाचं."

सगळे हसले.

"काहून मस्करी करता, रामरावजी!" ग्रामसेवक म्हणाला. "दोरच वळाचे असते तं मानूस समुद्रावर कायले जाते? खेमापाशी नसता का बसला?"

रामरावही हसले. आपण खरं बोललो आणि ते कुणी ऐकलं नाही, यात त्यांना जो सुटल्याचा आनंद झाला, त्याची त्यांना त्या रात्रभर लाज वाटली.

प्रदर्शनात 'खलाशी' हा शब्द बरा दिसेना, म्हणून ग्रामसेवकानं पुंजाजींना परस्पर बढती दिली. पाटी लागली: 'दिशादर्शक यंत्र. कै. कप्तान पुंजाजी, मु. आसेगाव.' लोक पायताण काढून यंत्राला हात जोडत होते. त्याला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं एका भोपळ्याला गेलं.

चार दिवसांनी व्याही नत्थूजी बैलगाडी जुंपून आले. पाटी वाचून आले होते. चेहरा फुललेला होता.

"असे कसे तुमी, इवाई? घरात कप्तान, अन् आमाले बोलले नाही! मी तं भर बाजारात सांगतलं, आमच्या सुनेचा आजा जहाज हाकत होता म्हनून. मुलगी पाहाले आलो तवा त्याले कुठं लपवलं होतं?"

"तवा ते... बाहीर होते," रामराव म्हणाले. गोठा घराबाहेरच होता.

जेवणं झाली. ऊन कलल्यावर नत्थूजी गाडीवर चढले, बैलांचा कासरा हातात घेतला, आणि त्यांना काहीतरी आठवलं.

"हा कासरा पाहा, इवाई. त्या खेपेले वाटेतच तुटला होता. तुमच्या गोठ्यात तो बुढा गडी होता ना, त्यानं बैल सोडले अन् आमचं जेवण होईस्तोर हा जोडून ठेवला. मी आमच्या घरी समद्यायले सांगतलं, जोड कुठी हाये ते सापडून दाखवा. अजून कोनाले नाही सापडला. हाये का तो?"

"नाई. गेला."

"अरे अरे! म्या त्याले चिमूटभर तमाखूबी नाही देल्ली. चल रे, सर रे, असंच बोललो." नत्थूजी हळहळले. "नाव काय होतं त्याचं?"

दारात चतुराबाई उभ्या होत्या. त्या रामरावांकडे पाहत होत्या.

गावात गड्यांची नावं पुष्कळ होती. कोंडू होतं, गणू होतं, तुका होतं. कुठलंही चाललं असतं; नत्थूजी ते पुढच्या वळणावर विसरले असते. रामरावांनी गाडीच्या चाकावर हात ठेवला.

"पुंजाजी," ते म्हणाले.

बैलांना हाकण्यासाठी उचललेला नत्थूजींचा हात तसाच खाली आला. ते रामरावांकडे पाहत राहिले. रामराव चाकाकडे पाहत होते.

मग नत्थूजींनी एका हातातला कासरा दोन्ही हातांत घेतला, आणि मांडीवर धरून ते तसेच बसून राहिले. बैल हाकेची वाट पाहत उभे होते.